डॉनकास्टरचं सेंट जॉर्ज चर्च: याला जुनं म्हणायचं की नवं?

रेल्वेगल्ली (धागाकर्ता)

मंडळी, तीन वर्षं झाली, इंग्लंडात यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरला राहतोय. रेल्वेचं गाव. १८५३ साली इथे इंजिनांचा कारखाना सुरू झाला आणि गावाचं रूपच पालटलं. स्टेशनाबाहेर आलं की छपरांच्या वर चर्चचा १७० फुटी मनोरा दिसतो. मी घर भाड्याने घेतलं ते तो खिडकीतून दिसतो म्हणूनच, असं म्हटलं तरी चालेल.

उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. त्यांना मोठ्या उत्साहाने दाखवायला नेलं आणि सांगितलं, हे सातशे वर्षांपूर्वीचं. बाबांची सगळी हयात बांधकामावर मुकादमकी करण्यात गेली. त्यांनी खांबाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, दोन दगडांमधल्या दरजेत नख घालून पाहिलं आणि म्हणाले, "कोर अजून शाबूत आहे रे. हा दगड सातशे पावसाळ्यांचा नाही."

बाबांचंच खरं निघालं. मध्ययुगातलं मूळ चर्च २८ फेब्रुवारी १८५३ च्या रात्री जळून गेलं. ऑर्गन गेला, दक्षिणेकडच्या दारावरच्या माडीत ग्रंथसंग्रह होता तोही गेला. बरोबर एका वर्षाने, २८ फेब्रुवारी १८५४ ला, नव्या इमारतीची कोनशिला बसवली आणि ऑक्टोबर १८५८ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. वास्तुरचनाकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट.

हे कळल्यापासून मनाला एक चुटपुट लागलीय. ज्या कमानींखाली उभा राहून मी शतकांचा विचार करायचो, त्या आमच्या गावच्या वाड्याहून फार जुन्या नाहीत. मग ही नक्कल म्हणायची का? की जागा तीच, नाव तेच, प्रार्थना तीच, म्हणून चर्चही तेच? इथे वास्तुकलेतले जाणकार आहेत आणि इंग्लंडात राहणारेही बरेच आहेत. तुम्हाला काय वाटतं?

काळाघोडा

स्कॉट हे नाव वाचलं आणि खुर्चीत सरसावून बसलो. अहो, हा तर आपल्या राजाबाई टॉवरचा माणूस! मुंबई विद्यापीठाचं पदवीदान सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर या सगळ्यांचे आराखडे त्याचेच. मुंबईत तो कधीच आला नाही, लंडनहून नकाशे पाठवले. टॉवर नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरा झाला, तो त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता.

तुमच्या खिडकीतला मनोरा आणि मी चार वर्षं रोज ज्याच्या सावलीतून कॉलेजला गेलो तो मनोरा, दोन्ही एकाच हातचे निघाले.

शेवंताबाई

बाबांना नमस्कार सांगा. अंगठा फिरवून वय सांगणारी माणसं आता कुठे मिळतात!

पाथरवट

मी जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांनी पाहिली ती पहिली खूण. कडा, म्हणजे ते म्हणाले ती कोर. दुसरी खूण टाकीच्या घावांची. मध्ययुगात दगड खाणीजवळ किंवा जागेवर हाताने घडवायचे, त्यामुळे प्रत्येक पाथरवटाची टाकी वेगळी ओळखू येते. घाव तिरके, थोडे कमीजास्त. एकोणिसाव्या शतकातलं काम फार शिस्तीचं असतं, ओळीने, एकाच मापाचं. तिसरी खूण दरजांची. जुन्या कामात चुना जाड आणि मऊ, नव्यात दरज सुरीच्या पात्याएवढी. चौथी पायाखालची. रंगीत नक्षीच्या भाजलेल्या फरशा एकसारख्या आणि गुळगुळीत असतील तर बहुतेक वेळा त्या व्हिक्टोरियाच्या काळातल्या समजाव्यात.

आता तुमच्या चर्चविषयी एक महत्त्वाची गोष्ट. चौकात, म्हणजे जिथे क्रुसाचे चार हात मिळतात तिथे, मधोमध मनोरा, ही जुन्या चर्चची ठेवण स्कॉटने राखली. लांबून पाहिलं तर जुन्या मनोऱ्याचीच आठवण यावी. पण जवळ जाऊन खिडक्या बघा. जळालेला मनोरा पंधराव्या शतकातल्या उभ्या रेघांच्या शैलीचा होता. स्कॉटने नवे तपशील घेतले ते साधारण १३०० सालच्या आसपासचे. खिडकीच्या माथ्यावर दगडात वर्तुळं, तीन पाकळ्या, चार पाकळ्या. म्हणजे जे जळालं त्याच्याहून जे बांधलं ते शैलीने शे-सव्वाशे वर्षं अधिक जुनं दिसतं.

म्हणूनच मी याला नक्कल म्हणणार नाही. जे होतं त्याची नक्कल तो करतच नव्हता. जे असायला हवं होतं असं त्याला मनापासून वाटत होतं, ते त्याने बांधलं.

लीड्सची_वहिनी

पाथरवटदादा, हे १३०० चं वेड नेमकं कुठून आलं? आमच्या लीड्सच्या सेंट पीटर चर्चमध्ये असं काही जाणवत नाही.

पाथरवट

वहिनी, चांगला प्रश्न. १८३९ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं, केंब्रिज कॅम्डन सोसायटी. चर्च कसं असावं याबद्दल त्यांची मतं पक्की होती. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची शैली तेराव्या शतकाच्या शेवटी आणि चौदाव्याच्या सुरुवातीला शिखराला पोचली, त्याआधीचं कोवळं आणि नंतरचं उतरतीचं, असं ते म्हणत. चॅन्सेल, म्हणजे वेदीकडचा भाग, आपण गाभारा म्हणू, तो खोल हवा, काही पायऱ्या उंच हवा. भिंतींना लागून बांधलेल्या लाकडी माड्या काढा, दार लावून बसायची पेटीसारखी आसनं काढा. १८४१ पासून त्यांचं मासिक निघू लागलं आणि देशभरच्या पाद्र्यांवर त्याचा मोठा प्रभाव पडला. स्कॉटवरही पडला.

तुमचं सेंट पीटर या लाटेच्या जरा आधीचं, म्हणून तिथे माड्या टिकल्या.

लीड्सची_वहिनी

अगदी बरोबर, माड्या आहेत! मग आता आमचीही गोष्ट ऐका. तीसुद्धा जुनं पाडून नवं बांधल्याचीच आहे, फक्त आगीविना.

१८३७ मध्ये वॉल्टर हुक नावाचे पाद्री लीड्सला आले. गिरण्यांमुळे गावात माणूस मावत नव्हता आणि चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. वास्तुरचनाकार रॉबर्ट चॅन्ट्रेल यांना आधी फक्त डागडुजी आणि फेरबदल सांगितले होते. काम उघडल्यावर कळलं की जुनं बांधकाम आतून पार खिळखिळं झालंय. मग सगळंच उतरवलं. मधोमध असलेला मनोरा उचलून उत्तरेच्या बाजूला नेला. २ सप्टेंबर १८४१ ला नवं चर्च उघडलं. त्या सोहळ्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल हजर होत्या, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या.

जुना मनोरा पाडताना भिंतीच्या पोटात कोरीव दगडांचे तुकडे सापडले. हजारेक वर्षांपूर्वीच्या एका उंच क्रुसाचे! कधीतरी कोणीतरी तो मोडून चिऱ्यांसारखा भिंतीत भरला होता. चॅन्ट्रेलने ते तुकडे जपून ठेवले, इतके जपून की पुढे ते स्वतःबरोबर दक्षिणेला ब्रायटनला घेऊन गेले. त्यांच्या मृत्यूनंतर ते लीड्सला परत आले. आता तो क्रूस जोडून चर्चमध्ये उभा आहे. त्यावर पंख बांधलेला वेलंड नावाचा लोहार कोरलाय, तो नॉर्स लोकांच्या दंतकथेतला.

मी दर वेळी आधी त्याच्यापाशी जाते. इमारत १८४१ ची खरी, पण तिने पाडलेल्या इमारतीच्या पोटातून तिच्याहूनही जुनं काहीतरी बाहेर काढलं.

मोरगावकर

आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की कोणी विचारत नाही देऊळ जुनं की नवं. घृष्णेश्वर अहिल्याबाईंनी बांधलं, त्र्यंबकेश्वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, तरी ज्योतिर्लिंगं पुराणकाळचीच. देव तिथेच असतो, वरचा दगड बदलतो. रेल्वेगल्ली, तुमची चुटपुट मला समजतच नाही. जागा तीच ना? झालं तर.

पाथरवट

मोरगावकर, श्रद्धेच्या बाजूने तुमचं म्हणणं मान्य. पण दगडाच्या बाजूने मी ते सोडणार नाही. "देव तोच" म्हणत म्हणत आपण यादवकाळातल्या देवळांना ऑइलपेंट फासलाय, वाळूचा मारा करून कोरीव काम झिजवलंय, सभामंडपात चकचकीत फरशी बसवलीय. मी स्वतः एका देवळात सहा महिने केवळ रंग उतरवत होतो. खालून निघालेल्या यक्षीच्या गळ्यातला एकेक मणी मोजता येत होता. वरून ती नुसती गुलाबी ढेकूळ दिसायची.

इंग्लंडातही तेच झालं. जळालेल्या चर्चचा प्रश्न नव्हता, न जळालेल्यांचा होता. चांगली उभी असलेली हजारो चर्च त्या काळात "सुधारली" गेली. भिंतींचा गिलावा खरवडून दगड उघडे केले, आणि गिलाव्याबरोबर मध्ययुगातली चित्रंही गेली.

टेम्सकाठी

याच रागातून विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. निमित्त होतं ट्यूक्सबरीच्या ॲबीचं, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चचं, आणि तिथली दुरुस्ती करणार होते... हेच स्कॉट! संस्थेला लोक "खरवड-विरोधी" म्हणायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं: पडत असेल तिथे टेकू द्या, गळत असेल तिथे कौल बसवा, पण जुन्याचा आव आणणारं नवं घुसवू नका. दुरुस्ती दिसली तर दिसू द्या.

हरिश्चंद्री

मग १८५३ मध्ये सरळ नवीन काही का नाही बांधलं? दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला होता. डॉनकास्टर तर रेल्वेचं गाव. लोखंडाचं चर्च शोभलं असतं!

चाफेकळी

@हरिश्चंद्री, आणि फलाट क्रमांक एकवर लग्न लागलं असतं 😀

टेम्सकाठी

चाफेकळी 😀 पण हरिश्चंद्रींचा प्रश्न खरा आहे. त्या लोकांच्या डोक्यात कामांची वाटणी स्पष्ट होती. प्रदर्शन, फलाट, बाजार यांना लोखंड, आणि देवाच्या घराला दगड. गंमत म्हणजे स्कॉटने पुढे स्टेशनाच्या हॉटेललाही गॉथिकच चढवलं. लंडनच्या सेंट पँक्रसची ती लाल विटांची इमारत १८७३ ला उघडली. मागे लोखंडी छपराची प्रचंड शेड आणि पुढे मनोरे, कमानी. मुंबईचं व्हीटी पाहिलेल्या माणसाला सेंट पँक्रस पाहून घरी आल्यासारखं वाटतं.

काळाघोडा

राजाबाई टॉवर इथे नक्कल वाटत नाही, याचं कारण काय असेल, यावर दोन दिवस विचार करतोय. सभागृहाची शैली तेराव्या शतकातल्या फ्रान्सची, ग्रंथालयाची व्हेनिसची. खरं तर दोन्ही परकीच. पण ग्रंथालयाला चहूबाजूंनी कमानींच्या पडव्या आहेत, कारण मुंबईचं ऊन आणि पाऊस. कोपऱ्यांवर उघडे गोल जिने. दगड कुर्ल्याचा, कोरीव कामाला पोरबंदरचा. आणि टॉवरवर वर उंच पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे. त्यांचे नमुने बनवले मुकुंद रामचंद्र या आपल्याच अभियंत्याने. स्कॉटने लंडनला बसून कागदावर रेघा मारल्या, पण त्या रेघांना पागोटं इथल्या हातांनी घातलं.

पदवीदान सभागृहात गोल खिडकी आहे, त्यात रंगीत काचेत बारा राशी. पदवी घेताना मी सगळा वेळ माझी रास शोधत होतो, नाव पुकारलेलं ऐकूच आलं नाही.

नाशिककर_आजोबा

चर्चची गोष्ट निघालीच आहे तर घंटेविषयी लिहितो. आमच्या नाशकात नारोशंकराच्या देवळाची घंटा प्रसिद्ध. ती मूळची पोर्तुगीज चर्चमधली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतून अशा घंटा देवळांत आल्या. मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरच्या घंटेवर बाळाला घेतलेल्या मेरीचं चित्र आहे, मी हात लावून पाहिलंय. मेणवलीला देवळाची घंटा म्हणून ती कोणालाही परकी वाटत नाही. तुमच्या चर्चमध्ये घंटा आहेत का? आगीतून वाचल्या का?

रेल्वेगल्ली

आजोबा, जुन्या घंटा आगीत गेल्या. आता आठ आहेत. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, ती वाजवायला शिकते म्हणून मला मनोऱ्यात जायला मिळतं.

इथली पद्धत अगदी वेगळी. आपल्याकडे घंटेचा लोळा हलवतात, इथे अख्खी घंटा मोठ्या चाकाला बांधून पूर्ण गोल फिरवतात. प्रत्येक दोराला एक माणूस. दोरावर हातभर लांबीची लोकरीची जाड मूठ विणलेली असते. ती वर उडते, तुम्ही पकडता, सोडता. चुकीच्या क्षणी धरून ठेवलीत तर पाय जमिनीवरून सुटतात, म्हणून पहिले कित्येक आठवडे शिकवणारी बाई मुलीच्या हातावर हात ठेवूनच उभ्या होत्या. सूर नसतो, क्रम असतो. आठ घंटांचे क्रम ४०,३२० होतात. १९६३ मध्ये लफबरोला आठ जणांनी ते सगळे न थांबता वाजवले, त्याला अठरा तास लागले.

आदिताल

हा तर प्रस्तार, म्हणजे सगळे क्रम मांडून पाहणं! आमचे गुरुजी पाटीवर खडूने करून घ्यायचे. हे लोक दोर ओढून करतात, वा!

पायपेटी

आणि ऑर्गन? ऑर्गनविषयी कोणीच लिहीत नाही.

रेल्वेगल्ली

पायपेटी, तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं. १८६२ साली जर्मनीतल्या थुरिंगियाच्या एडमंड शुल्झने हा ऑर्गन बांधला. ९४ स्टॉप, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांच्या नळ्यांचे संच, नळ्या सहा हजारांच्या आसपास. खालचा सूर कानाला नाही, बाकाच्या लाकडातून मांडीला कळतो. आईला इंग्रजी प्रार्थना समजत नव्हती, पण तो सूर लागला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

मनोऱ्यातल्या घड्याळाचीही गोष्ट आहे. ते एडमंड बेकेट डेनिसनने रचलं. लंडनचं बिग बेन ज्या घड्याळावर चालतं त्याची यंत्ररचना करणारा हाच. डॉनकास्टरच्या शाळेत शिकलेला. वडील रेल्वेचे मोठे कारभारी, कारखाना गावात आणण्यात त्यांचा हात होता. डेनिसन भांडखोर म्हणून प्रसिद्ध, चर्च बांधताना स्कॉटच्याही पुष्कळ कामांत तो लक्ष घालत होता.

टेम्सकाठी

हाच पुढे लॉर्ड ग्रिमथॉर्प झाला आणि सेंट ऑल्बन्सच्या ॲबीचा पश्चिमेचा दर्शनी भाग त्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने नवा केला. ते पाहिल्यावर स्कॉट किती संयमी होता ते कळतं.

कॉर्नवॉलवारी

उशिरा येतेय, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. थॉमस हार्डी कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध व्हायच्या आधी वास्तुरचनाकाराच्या हाताखाली काम करत. १८७० च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलमधल्या सेंट ज्युलियटच्या मोडकळीला आलेल्या चर्चची मोजमापं घ्यायला गेले. तिथेच त्यांची होणारी बायको भेटली. चर्चचा जुना मनोरा पाडला गेला. गाभाऱ्यापुढचा जुना लाकडी कोरीव पडदा मात्र राहावा म्हणून त्यांनी त्याचं बारकाईने चित्र काढून दिलं. परत जाऊन पाहतात तर कंत्राटदाराने उदार मनाने तो जुनाट पडदा काढून कोरा करकरीत नवा बसवलेला! हार्डींना आयुष्यभर याची खंत राहिली. १९०६ मध्ये त्यांनी मॉरिसच्याच संस्थेपुढे त्याबद्दल निबंध वाचला.

मी तिथे गेले होते. नव्या मनोऱ्यावर राग धरायचा ठरवून गेले होते, आणि दारातल्या ओल्या गवतात उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की याच कामासाठी हार्डी आले नसते तर ती दोघं भेटली नसती. राग धरता आला नाही.

मोरगावकर

पाथरवट, तुमचं यक्षीच्या मण्यांचं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या गावच्या देवळाचा रंग पुढच्या महिन्यात निघणार होता, म्हणजे पुन्हा लागणार होता. पंचांशी बोललोय. तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय, बघा.

पाथरवट

पाहिला. येतो मी. तोवर कोणाला घासू देऊ नका, पाण्यानेसुद्धा नाही.

रेल्वेगल्ली

काल मुलीची घंटांची शिकवणी होती. ती वर असताना मी तासभर खाली एकटाच होतो. पाथरवटांनी सांगितल्याप्रमाणे पाहत गेलो. खांबांच्या माथ्यावरची पानं पहिल्यांदाच नीट बघितली. एकसारखी असतील असं धरून चाललो होतो. शिडी नव्हती, म्हणून फोनचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. एका पानाची कड मागे दुमडलीय आणि दुमडीच्या आतली शीरसुद्धा कोरलीय. ती खालून कोणालाही दिसणार नाही. १८५० च्या दशकातल्या कोण्या पाथरवटाने ती कोरली तेव्हा तो १३०० सालची नक्कल करत होता असं मला म्हणवत नाही. तो पान कोरत होता.

मग बाहेर आलो. चर्चच्या जवळच रोमन किल्ल्याच्या भिंतीचा तुकडा आहे. त्यावर नॉर्मन लोकांचा किल्ला आला, त्याच जागेवर चर्च आलं, ते जळालं, मग हे. बाबांना फोन करून पानाचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मजुरी रोजाने होती की नगावर?" याचं उत्तर कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा, ते वाट बघतायत.

डिसेंबरात मुंबईला येतोय. राजाबाईवरची पानं बघायची आहेत.

काळाघोडा

या. टॉवरवर चढू देत नाहीत, पण मैदानाच्या बाजूने दुपारनंतर ऊन बरोबर पडतं. दुर्बीण आणा, पुतळे फार उंचावर आहेत. आणि बाबांना घेऊन या. पोरबंदरच्या दगडावर अंगठा फिरवून ते काय म्हणतात, ते मला ऐकायचंय.